बंगलोरला न पोचलेलं विमान

माझ्या टेबलावर एक विमान आहे. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर पन्नास सेंटिमीटर. नाकापासून शेपटीपर्यंत तीस सेंटिमीटरला थोडं कमी. मूळ विमानाचे पंख ८२ फूट, म्हणजे पंचवीस मीटर लांब होते, त्यामुळे १:५० या प्रमाणात हिशेब अगदी सोपा झाला. बाल्सा लाकूड, टिश्यू कागद आणि वरून डोप नावाच्या रोगणाचे तीन हात. त्याच प्रमाणात दोन माणसंही केली आहेत, साडेतीन-साडेतीन सेंटिमीटरची. ती विमानाशेजारी उभी केली की पाहणाऱ्याचं लक्ष पंखांवर खिळतं. एवढासा देह आणि केवढे हे पंख!

फेअरी कंपनीचं लाँग-रेंज मोनोप्लेन हे ते विमान. अशी दोनच विमानं बांधली गेली. आज त्यांतलं एकही शिल्लक नाही. लिंडबर्गचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ वॉशिंग्टनच्या संग्रहालयात छताला टांगलेलं आहे. अल्कॉक आणि ब्राऊन यांनी १९१९मध्ये अटलांटिक ओलांडला ते विकर्स व्हिमी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये उभं आहे. कोस्त आणि बेलाँत यांचं, अंगावर भलंमोठं प्रश्नचिन्ह रंगवलेलं ब्रेगे पॅरिसजवळच्या ल बुर्जेला आहे. फेअरीच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. ते पाहायचं तर फोटो, आराखडे आणि प्रतिकृती यांतच. मोडीत गेलेल्या वाड्याचं मोजमाप जसं एखाद्या जुन्या नकाशात उरतं, तसं या विमानाचं अस्तित्व आता प्रतिकृतीत उरलं आहे. म्हणून संग्रहालयातल्या काचेच्या पेटीतलं छोटं विमान मला शोभेची वस्तू वाटत नाही. हरवलेल्या वस्तूचा तो शेवटचा पुरावा असतो.

आणि या विमानाशी आपलं नातं आहे. ते बांधलं गेलं तेव्हा त्याचं तोंड हिंदुस्थानकडे होतं.

गोष्ट सुरू होते त्याच्याही आधी. २० मे १९२७. इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातल्या क्रॅनवेलच्या हवाईदल महाविद्यालयाच्या माळावरून हॉकर हॉर्सली जातीचं एक अवजड दुपंखी बॉम्बर विमान पेट्रोलनं तुडुंब भरून उडालं. चालवणारा रॉडरिक कार, सोबत गिलमन. कुठंही न उतरता हिंदुस्थान गाठायचा, असा बेत. कार मूळचा न्यूझीलंडचा. शॅकल्टनच्या अखेरच्या दक्षिण ध्रुवीय मोहिमेवर तो वैमानिक म्हणून गेला होता, यावरून माणसाची जात कळावी. युरोप ओलांडला, पश्चिम आशिया ओलांडला, आणि इराणच्या आखातात बंदर अब्बासजवळ इंधन संपलं. विमान पाण्यात उतरवावं लागलं. दोघं वाचले. अंतर भरलं ३,४२० मैल. तोवर जगात कुणीही इतकं लांब एका दमात उडालं नव्हतं.

हा विक्रम काही तासच टिकला. त्याच २० मे रोजी न्यू यॉर्कहून एक पंचवीस वर्षांचा तरुण एकटाच निघाला होता. २१ तारखेच्या रात्री तो पॅरिसला उतरला. त्याचं अंतर सुमारे ३,५९० मैल. लिंडबर्गचं नाव जगभर झालं. कारचं नाव आज विमानांच्या इतिहासात रमणाऱ्यांखेरीज कुणाला ठाऊक नाही. पण त्याला हिंदुस्थानात पोचायचं होतंच. १९४६मध्ये तो इथल्या हवाईदलाचा सर्वोच्च अधिकारी म्हणून आला.

हॉर्सलीचे पुढचे प्रयत्नही साधले नाहीत. लढाईसाठी बांधलेल्या विमानात जादा टाक्या बसवून हे काम होणार नाही, हे ब्रिटिश हवाई खात्याच्या ध्यानात आलं. लांब पल्ल्यासाठीच म्हणून वेगळं विमान हवं. फेअरी कंपनीला काम मिळालं. कागदोपत्री या विमानाला ‘टपाल विमान’ म्हणत. पण त्यात टपालाची थैली ठेवायलाही धड जागा नव्हती. सगळी जागा पेट्रोलनं घेतली होती.

आता हे पेट्रोल होतं कुठं, ते प्रतिकृती करताना नीट उमगतं. या विमानाच्या धडात टाकी नाही. हजार गॅलनच्या वर, म्हणजे ४,७०० लिटरच्या आसपास पेट्रोल, सगळंच्या सगळं पंखांत. भरलेल्या विमानाचं वजन सात टनांच्या वर जाई आणि त्यातलं जवळजवळ निम्मं वजन नुसत्या पेट्रोलचं. ते धडात ठेवलं असतं तर पंखांच्या बुंध्यावर सगळा ताण आला असता. पंख वर उचलतात आणि धड खाली ओढतं. दोन माणसांनी खांद्यावर बांबू घेतला आणि मधोमध ओझं टांगलं की तो कसा मधे वाकतो, तसं. तेच ओझं बांबूभर पसरलं तर बांबू तेवढा वाकत नाही. पेट्रोल पंखभर पसरून ठेवण्यामागचा विचार हाच.

दुसरी गोष्ट पंखांच्या आधाराची. त्या काळातल्या बहुतेक विमानांच्या पंखांना बाहेरून दांड्या आणि तारा असत. पंख भक्कम राहत, पण प्रत्येक तार हवेला अडवी येई आणि तेवढं पेट्रोल जादा जाळावं लागे. पन्नास तास उडायचं तर हा खर्च परवडणारा नव्हता. फेअरीच्या पंखांना बाहेरून एकही दांडी नाही, एकही तार नाही. सगळा आधार आत, पंखाच्या पोटात. त्यासाठी पंख बुंध्याशी चांगला जाड केला आणि टोकाकडे निमुळता होत नेला.

हे वाचून कळलं होतं, पण खरं कळलं ते पहिला पंख बिघडला तेव्हा. मी पंखाच्या आतल्या तुळया जरा बारीक ठेवल्या होत्या. वजन कमी, काम सुबक. कागद ताणून बसला, डोप वाळला, पंख देखणा दिसू लागला. जुलैत पाऊस लागला, हवेत ओल आली आणि आठवड्याभरात उजव्या पंखाचं टोक अर्धा सेंटिमीटर खाली आलं. शिवाय त्याला पीळ पडला, मागची कड वर आणि पुढची खाली. मी तो वाफेवर धरून सरळ केला, दोन दिवसांनी तो पुन्हा तसाच. शेवटी कागद फाडून काढला, तुळया बदलल्या, दोन तुळयांच्या मधे तिरप्या काड्या घातल्या आणि पंख पुन्हा मढवला. आता तो तीन पावसाळे झाले तरी हललेला नाही. अर्ध्या सेंटिमीटरचा हा प्रश्न खऱ्या विमानात पाव मीटरचा. मग साडेबारा मीटर लांबीच्या, आधाराविना बाहेर आलेल्या आणि पेट्रोलनं भरलेल्या त्या पंखाला वादळात पीळ पडू नये म्हणून फेअरीच्या माणसांनी किती डोकं लावलं असेल! संग्रहालयात प्रतिकृतीकडे पाहणाऱ्याला हे दिसत नाही. बाहेरून तो पंख फक्त साधा दिसतो. तो साधेपणा मोठ्या कष्टानं मिळवलेला आहे.

नाकात नेपियर कंपनीचं ‘लायन’ इंजिन. बारा सिलिंडर, चार-चारच्या तीन ओळींत, एक ओळ उभी आणि दोन दोन्ही अंगांना कललेल्या. ताकद ५७० अश्वशक्ती. आजच्या मोठ्या मालवाहू ट्रकला एवढी ताकद असते. एवढ्याशा ताकदीवर सात टनांचं ओझं जमिनीवरून उचलायचं, म्हणून क्रॅनवेलचा लांबलचक माळ निवडलेला. आत दोघांची जागा, बंद केबिन आणि मागे आडवं व्हायला एक बिछाना. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं दिशा आणि पेट्रोलचा हिशेब ठेवायचा आणि जमेल तेव्हा पाठ टेकायची.

पहिलं विमान नोव्हेंबर १९२८मध्ये उडालं. तोवर शर्यत पुढे सरकली होती. त्याच वर्षीच्या जुलैत फेरारिन आणि देल प्रेते हे दोन इटालियन वैमानिक रोमहून निघून थेट ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरले होते. अंतर ७,१८८ किलोमीटर. आता हा आकडा ओलांडायचा होता. क्रॅनवेलहून एका दमात तेवढं जायचं आणि उतरायचं ते ब्रिटिश सत्तेखालच्या मुलखात, तर नकाशावर एक गाव बरोबर बसत होतं. बंगलोर. सुमारे आठ हजार किलोमीटर.

२४ एप्रिल १९२९ रोजी स्क्वॉड्रन लीडर जोन्स-विल्यम्स आणि फ्लाइट लेफ्टनंट जेन्किन्स क्रॅनवेलहून निघाले. जोन्स-विल्यम्स पहिल्या महायुद्धात लढाऊ विमानं चालवलेला वेल्सचा गडी. त्या दोघांच्या पन्नास तासांचं चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावं. समोर एकच इंजिन, ते बंद पडलं तर दुसरं नाही. खाली कधी डोंगर, कधी वाळवंट, कधी समुद्र. इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं बोलणं धड ऐकू येत नाही. दोन रात्री अंधारात. ताशी वेग सरासरी १३० किलोमीटर, म्हणजे आज हमरस्त्यावर मोटारीही जो गाठतात तेवढा. आणि समोरून वारा.

या वाऱ्यानं घात केला. पाठीशी वारा असता तर बंगलोर हाताशी होतं. समोरच्या वाऱ्यानं पेट्रोलचा हिशेब चुकवला. बंगलोर गाठता येणार नाही हे दिसू लागल्यावर त्यांनी कराचीला उतरायचं ठरवलं. २६ एप्रिलला विमान कराचीला टेकलं. ५० तास ४८ मिनिटं. ४,१३० मैल, म्हणजे सुमारे ६,६५० किलोमीटर. विश्वविक्रम पाचशेहून अधिक किलोमीटरनं हुकला.

हा आकडा सांगून अनेक पुस्तकं पुढं जातात आणि हुकलेल्या विक्रमांच्या यादीत हे उड्डाण जाऊन पडतं. मला ते पटत नाही. ब्रिटनहून निघून वाटेत कुठंही न थांबता हिंदुस्थानात उतरलेलं हे पहिलं विमान. तो मान विक्रमापेक्षा लहान नाही. जेमतेम चार आठवड्यांआधी, ३० मार्च १९२९ रोजी, इंपीरियल एअरवेजनं लंडनच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंतची पहिली हवाई टपालसेवा सुरू केली होती. त्यात पत्रं आधी विमानानं स्वित्झर्लंडला, मग आगगाडीनं इटलीला, तिथून समुद्रविमानानं भूमध्य समुद्रापार इजिप्तला आणि पुन्हा विमानानं टप्प्याटप्प्यानं कराचीला येत. सात दिवस लागत. बोटीच्या टपालाला दोन आठवडे लागत असताना सात दिवस म्हणजे चमत्कारच होता. आणि महिना उलटायच्या आत दोन माणसं दोन दिवस आणि काही तासांत तिथं येऊन उतरली.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकानं ध्यानात ठेवावी. १९२९मधलं कराची मुंबई इलाख्यात होतं. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६मध्ये. तोवर तिथला कारभार मुंबईहून चाले. मराठी अधिकारी, शिक्षक, कारकून तिथं बदलीवर जात आणि संसार थाटत. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा कराचीत आजही आहे. म्हणजे हे विमान उतरलं ते मुंबई इलाख्याच्या जमिनीवर. साडेतीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जेआरडी टाटा आपल्या पुस मॉथ विमानात टपाल घेऊन निघाले तेही याच कराचीहून, आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर उतरले. आपल्या नागरी विमानवाहतुकीची सुरुवात आपण त्या दिवसापासून मोजतो. तिची पूर्वपीठिका सांगताना फेअरीचं नाव घ्यायला हवं.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना त्रास होतो. त्याच वर्षी डिसेंबरात जोन्स-विल्यम्स आणि जेन्किन्स पुन्हा निघाले. या वेळी दक्षिणेला, केपटाउनच्या दिशेनं. १६ डिसेंबरला ट्युनिसच्या दक्षिणेला विमान डोंगराला धडकलं. दोघंही गेले. त्या काळात वैमानिकाला उंची सांगणारं यंत्र हवेच्या दाबावर चाले. दाब वाटेत बदलला की काटा चुकीची उंची दाखवी आणि अंधारात, ढगात ती चूक कळायला मार्ग नसे.

फेअरीनं दुसरं विमान बांधलं. ते १९३१मध्ये उडालं. त्यात सुधारणा केल्या होत्या आणि वैमानिकाला विसावा मिळावा म्हणून विमान आपोआप सरळ ठेवणारं यंत्रही बसवलं होतं. ६ फेब्रुवारी १९३३ रोजी गेफर्ड आणि निकोलेट्स क्रॅनवेलहून केपटाउनकडे निघाले. ते यंत्र वाटेतच बिघडलं, तेव्हा सबंध आफ्रिका हातानं चालवत पार करावी लागली. वारा पुन्हा समोरचा. ५७ तास २५ मिनिटांनी, पेट्रोल संपत आलेलं असताना, ते नैर्ऋत्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वॉल्व्हिस बे इथं उतरले. या वेळी विक्रम झाला, ८,५४४ किलोमीटर. तोही सहा महिनेच टिकला. ऑगस्टमध्ये कोदॉस आणि रॉसी या फ्रेंच जोडीनं न्यू यॉर्कहून लेबनॉनमधल्या रयाकपर्यंत ९,१०४ किलोमीटर मजल मारली. पण गेफर्डचा अनुभव वाया गेला नाही. १९३८मध्ये ब्रिटिश हवाईदलानं लांब पल्ल्याच्या उड्डाणांसाठी खास तुकडी उभारली तेव्हा तिची सूत्रं त्याच्याकडे दिली. त्या तुकडीच्या वेलस्ली विमानांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात इजिप्तहून थेट ऑस्ट्रेलियातलं डार्विन गाठलं. ११,५२० किलोमीटर.

या सगळ्यात प्रतिकृतीचं काय, असं कुणी विचारेल. संग्रहालयात आपण खरी वस्तू पाहायला जातो. शिवाजी महाराजांच्या काळातली तलवार पाहावी तर ती त्या काळातलीच असावी. पण विमानाची गत वेगळी आहे. ते मोठं, नाजूक आणि सतत देखभाल मागणारं. कापड कुजतं, लाकडाला वाळवी लागते. काम संपलं की बहुतेक विमानं भंगारात जातात. उरतात ती प्रामुख्यानं जिंकलेली. अशा वेळी आराखड्यावरून माप घेऊन, पंखाचा उतार, नाकाचा आकार, चाकांची जागा तपासून केलेली प्रतिकृती हाच आधार राहतो. म्हणून ती बिनचूक असायला हवी. रंगाची छटा चुकली तरी चालेल, पण पंखाची जाडी चुकली तर विमानाचं मर्मच हरवलं.

आणि प्रतिकृतीशेजारी नकाशा हवाच. नुसतं विमान पाहून लांब पंख दिसतील, पण ते कशासाठी, हे कळणार नाही. क्रॅनवेलपासून एक रेघ बंगलोरपर्यंत, दुसरी कराचीपर्यंत. दोन रेघांमधला फरक पाहणाऱ्याला त्या वाऱ्याची गोष्ट सांगेल. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी विमान हातात देतो, मग नकाशा उघडतो. पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, “मग ते बंगलोरला कधी पोचलं?”

पोचलं नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं तेव्हा त्याला चार इंजिनं होती, तरीही कैरो आणि जिनिव्हा इथं थांबावं लागलं. आज बंगळूरहून लंडनला न थांबता जाणारी विमानं रोज उडतात. त्यात बसलेल्या माणसाला या वाटेवर पहिल्यांदा कोण निघालं होतं याची कल्पना नसते.

बंगळूरला एचएएलचं विमान संग्रहालय आहे. आपल्याकडे मुंबईत आणि पुण्यातही विमानांवर जीव लावणारी आणि उत्तम प्रतिकृती करणारी मंडळी आहेत. माझी त्यांना विनंती आहे की त्यांनी या विमानाची मोठी, मापात काटेकोर अशी एक प्रतिकृती करावी, १:२४ची, मीटरभर पंखांची, आणि ती बंगळूरच्या त्या संग्रहालयाला भेट द्यावी. खाली पाटी मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत असावी. फार लिहायला नको. कोण निघाले, केव्हा निघाले, कुठं उतरले, एवढं पुरे. जोन्स-विल्यम्स आणि जेन्किन्स कराचीला उतरले तेव्हा बंगलोर तिथून सुमारे सतराशे किलोमीटर उरलं होतं.